विश्लेषण : गाडीचा एसी गार हवा का देत नाही? प्रत्येक वेळी गॅस भरणे हाच उपाय आहे का?

पारा चाळिशी ओलांडू लागला की एसी चालत नसल्याची तक्रार घेऊन गाड्या गॅरेजसमोर उभ्या राहू लागतात. तपासणी होण्याआधीच अनेकदा निदान ठरलेले असते, ‘गॅस कमी झालाय, भरून टाकू.’ गॅस भरला की काही दिवस गारवा मिळतो आणि पुढच्या उन्हाळ्यात तीच गाडी पुन्हा त्याच दारात येते. प्रत्यक्षात गारवा कमी होण्याची कारणे अनेक आहेत. त्यातली काही गाडीमालकाला कोणत्याही अवजाराविना ओळखता येतात.

गाडीचा एसी काम कसा करतो?

एसी गारवा ‘तयार’ करत नाही, तर गाडीतील उष्णता बाहेर नेऊन टाकतो. इंजिनच्या बेल्टवर चालणारा कॉम्प्रेसर गॅस दाबतो. हा तापलेला गॅस गाडीच्या पुढच्या जाळीमागे असलेल्या कंडेन्सरमध्ये जातो. तिथे हवा लागून त्याचा द्रव होतो. हा द्रव एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये शिरला की त्याचा दाब एकदम कमी होतो, तो उकळून पुन्हा वायू होतो आणि कॉइल थंडगार पडते. ब्लोअर या कॉइलवरून हवा फेकतो. हवेतील बाष्पाचे त्या कॉइलवर पाणी होते आणि ते नळीवाटे गाडीखाली गळते. म्हणून उन्हाळ्यात एसी सुरू असताना गाडीखाली स्वच्छ पाणी टपकत असेल, तर ते यंत्रणा चालू असल्याचे लक्षण आहे.

मग गॅस ‘संपतो’ का?

पेट्रोलसारखा तो जळत नाही आणि वापरून संपतही नाही. तोच गॅस बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी होज आणि सील यांतून अनेक वर्षांत थोडासा गॅस झिरपतो, हे खरे. पण दरवर्षी भरावा लागत असेल, तर कुठे तरी गळती आहे. ती न शोधता गॅस भरणे म्हणजे पंक्चर न काढता चाकात हवा भरणे. शिवाय कॉम्प्रेसरचे तेल याच गॅसबरोबर फिरते. गळतीत तेही जाते आणि वंगणाविना चालणारा कॉम्प्रेसर जाम होऊ शकतो. तो बदलण्याचा खर्च एखादा सील बदलण्याच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. पर्यावरणाचा प्रश्न वेगळाच. भारतातील बहुतेक गाड्यांमधला आर-१३४ए हा वायू तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडपेक्षा हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. २०१६ च्या किगाली करारानुसार अशा वायूंचा वापर जगभर टप्प्याटप्प्याने कमी केला जात आहे.

गॅरेजमध्ये जाण्याआधी काय तपासावे?

पहिला प्रश्न स्वतःला विचारावा : हवा कमी येते, की हवा भरपूर येते पण गार नाही? या दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यांची कारणेही वेगळी आहेत.

हवाच कमी येत असेल, तर गॅसचा संबंध बहुधा नसतो. आधी केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि हाताने काढता येतो. धुळीच्या रस्त्यांवर तो वर्षभरातच काळा पडतो. ब्लोअर फक्त शेवटच्या नंबरवर चालत असेल आणि खालच्या नंबरांवर बंद राहत असेल, तर त्याचा रेझिस्टर जळालेला असण्याची शक्यता अधिक. हा तुलनेने स्वस्त भाग आहे. सुरुवातीला गार हवा येऊन तासाभराने हवाच येईनाशी झाली, तर कॉइलवर बर्फ जमत असावा. एसीचे बटण बंद करून ब्लोअर दहा मिनिटे सुरू ठेवावा. हवा पूर्ववत आली तर शंका खरी. मात्र बर्फ का जमतो, याचा शोध मेकॅनिकने घ्यायला हवा. तुंबलेला फिल्टर, बिघडलेला सेन्सर किंवा कमी गॅस, तिन्ही शक्य आहेत.

गाडी धावताना गारवा आणि सिग्नलला गरम हवा, असे का?

ही अगदी नेहमीची तक्रार आहे. वेगात असताना कंडेन्सरला समोरून वारा मिळतो. गाडी थांबली की ते काम पंख्यावर येते. पंखा बंद पडला असेल किंवा कंडेन्सरच्या जाळीत चिखल, पाने, किडे अडकले असतील, तर उष्णता बाहेर पडत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक लावून उभी करावी, एसी सुरू करावा आणि बोनेट उघडून लांबूनच पाहावे. थोड्या वेळात पंखा फिरायला हवा. तो कधीही अचानक सुरू होतो, त्यामुळे हात, ओढणी, सैल बाही जवळ नेऊ नये. इलेक्ट्रिक व हायब्रिड गाड्यांच्या बोनेटखालील नारंगी केबलमध्ये उच्च दाबाची वीज असते, तिथे हे प्रयोग करूच नयेत.

एका बाजूने गार आणि दुसऱ्या बाजूने गरम हवा येत असेल, तर गार-गरम हवेचे मिश्रण करणारी झडप अडकलेली असू शकते. अशा वेळी डॅशबोर्डमागून टकटक आवाजही येतो. ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोल असलेल्या अनेक गाड्यांत डॅशबोर्डवर काचेलगत ऊन ओळखणारा छोटा सेन्सर असतो. त्यावर कापड, मूर्ती किंवा फाइल ठेवली असेल तर यंत्रणेचा अंदाज चुकतो. असा ‘बिघाड’ फुकटात दुरुस्त होतो.

वास आणि पायाशी पाणी येण्याचे कारण काय?

एसी सुरू करताच कुबट वास येणे म्हणजे ओल्या कॉइलवर बुरशी धरली आहे. सुगंधी बाटली लावून वास झाकला जातो, बुरशी तशीच राहते. कॉइल साफ करून घ्यावी आणि मुक्काम येण्याआधी दोन-तीन मिनिटे एसी बंद करून फक्त ब्लोअर चालवावा, म्हणजे कॉइल सुकते. गाडीखाली पडायचे पाणी पुढच्या सीटच्या पायदळाशी साचत असेल, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे. मात्र ओलावा चिकट असेल, वास गोडसर असेल आणि काचेवर तेलकट थर येत असेल, तर हीटरच्या कॉइलमधून इंजिनचे कूलंट गळत असावे. अशी गाडी लांबच्या प्रवासाला नेऊ नये, कारण कूलंट संपल्यास इंजिन तापून निकामी होऊ शकते.

पावसाळ्यात काचेवर धुके धरते तेव्हा काय करावे?

घाटात, रात्रीच्या पावसात समोरची काच पांढरी होते आणि चालक एका हाताने फडका फिरवत राहतो. हे अपघाताला आमंत्रण आहे. पावसात एसीची गरज नाही, हा समज चुकीचा आहे. एसी हवेतील बाष्प काढून घेतो. धुके आतल्या बाजूला असेल तर एसी सुरू करावा, हवेचा झोत समोरच्या काचेवर वळवावा आणि बाहेरची हवा आत घेण्याचा पर्याय निवडावा. आतलीच हवा फिरवत ठेवल्यास श्वासातील आणि ओल्या कपड्यांतील बाष्प गाडीतच कोंडते. धुके बाहेरच्या बाजूला असेल, तर काच गरजेपेक्षा थंड झाली आहे. वायपर फिरवून तापमान थोडे वाढवावे.

गॅरेजमध्ये काय विचारावे?

गळती कुठे सापडली, हा पहिला प्रश्न. त्यासाठी नायट्रोजनचा दाब, चमकणारा रंग किंवा इलेक्ट्रॉनिक डिटेक्टर वापरतात. गळती दुरुस्त झाल्यावर व्हॅक्यूम केला का, हा दुसरा. नळ्यांत राहिलेली हवा आणि ओल यंत्रणा खराब करते. गॅस किती ग्रॅम भरला, हा तिसरा. प्रत्येक गाडीचे प्रमाण ठरलेले असते आणि ते बहुधा बोनेटखालील स्टिकरवर लिहिलेले असते. जास्त गॅस भरला तरी गारवा घटतो. काही नव्या गाड्यांत आर-१२३४वायएफ हा वेगळा गॅस असतो, त्यात जुना मिसळता येत नाही. उत्तरे बिलावर लिहून घ्यावीत.

उभ्या गाडीत एसी लावून झोपणे सुरक्षित आहे का?

नाही. इंजिन सुरू असलेल्या उभ्या गाडीत, विशेषतः बंदिस्त पार्किंगमध्ये किंवा सायलेन्सर गळका असल्यास, धुरातील कार्बन मोनॉक्साइड आत शिरू शकतो. त्याला रंग नाही, वासही नाही. डोके दुखणे, मळमळ, गुंगी ही लक्षणे जाणवताच काचा उघडून बाहेर पडावे. झोपलेल्या माणसाला मात्र ती जाणवतच नाहीत. आणि ‘एसी लावलाय, दोन मिनिटांत येतो’ म्हणून लहान मुलाला गाडीत ठेवून जाऊ नये. इंजिन बंद पडले, तर उन्हात उभ्या गाडीतील तापमान अर्ध्या तासाच्या आतच जिवावर बेतण्याइतके वाढू शकते.