सरकतो तो धूमकेतू

१६ ऑक्टोबर १९८२ रोजी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेत डेव्हिड ज्युइट आणि एडवर्ड डॅनियलसन यांना परतीच्या वाटेवरचा हॅलेचा धूमकेतू सापडला. शेपूट नाही, तेजोवलय नाही. शनीच्या कक्षेपलीकडचा, सूर्यापासून दीड अब्ज किलोमीटरहून दूर असलेला एक फिकट ठिपका. दोनशे इंची दुर्बिणीला सीसीडी कॅमेरा जोडला होता, म्हणूनच तो टिपता आला. ओळख पटली ती चालीवरून. लागोपाठच्या छायाचित्रांत तारे जागच्या जागी होते. हा मात्र गणिताने सांगितलेल्या दिशेने सरकत होता.

त्याआधी १७५८च्या नाताळात हा धूमकेतू परत येईल हे एडमंड हॅलेचं भाकीत खरं ठरलं, ते योहान पालिच या सॅक्सनीतल्या शेतकऱ्याच्या नजरेमुळे. एका शेतकऱ्याने ते खरं ठरलेलं पाहावं, हे मला फार मोलाचं वाटतं.

धूमकेतू सरकण्यावरून ओळखतात; सुपरनोव्हा, म्हणजे स्फोट पावणारा तारा, शोधताना कसोटी नेमकी उलटी. दीर्घिकेत नवा ठिपका दिसला आणि तो सरकला, तर तो वाटेत आलेला लघुग्रह. हलला नाही, तरच पुढे वर्णपट घेऊन खात्री करायची. ऑस्ट्रेलियातले धर्मोपदेशक रॉबर्ट इव्हान्स यांना शेकडो दीर्घिकांचे चेहरे तोंडपाठ होते. नुसता दुर्बिणीला डोळा लावून त्यांनी चाळीसच्या आसपास सुपरनोव्हा हेरले. एक दीर्घिका तपासायला त्यांना मिनिटही लागत नसे.