घरबसल्या कामाचे गाजर आणि बाळंतिणीचा हक्क

मागे एका रविवारी वंदना आटोपल्यावर विहारात एक लेक आमच्याकडे आली. कडेवर साडेतीन महिन्यांचे बाळ, हातात मोबाईल. बी.कॉम. झालेली. बाळंतपणापूर्वी दोन वर्षे एका खासगी कार्यालयात ठेकेदारामार्फत कामाला होती. मोबाईलवर आलेला संदेश तिने आमच्यापुढे धरला. घरबसल्या दोन तास काम, महिना पंचवीस हजार रुपये, नोंदणी शुल्क फक्त १८५० रुपये. ती म्हणाली, "काका, भरू का पैसे? यांच्या एकट्याच्या पगारात भागत नाही आणि बाळाला टाकून बाहेर जाता येत नाही."

आम्ही विचारले, "आधीच्या नोकरीचे काय झाले?"

"सातव्या महिन्यात सुट्टी मागितली तर ठेकेदार म्हणाला, तुझे काम संपले. बाळ मोठे झाले की ये."

"आणि प्रसूती रजेचा पगार?"

"तो सरकारी नोकरीवाल्यांनाच असतो ना?"

आमच्या काळजात चर्र झाले. बाबासाहेबांच्या जयंतीला पहाटेपासून राबणारी, त्यांच्या फोटोपुढे रोज मेणबत्ती लावणारी ही शिकलेली मुलगी. बाबासाहेबांनी तिच्या बाळंतपणासाठी कायदेमंडळात भांडण मांडले होते, हे तिला कोणी सांगितलेच नाही. दोष तिचा नाही. दोष भाषणे ठोकणाऱ्या आमच्यासारख्यांचा आहे.

इतिहास थोडक्यात सांगतो. माता रमाईने पोटची चार लेकरे गमावली. शेवटचा राजरत्न १९२६ च्या जुलै महिन्यात गेला. घरात औषधाला पैसा नव्हता, पोटभर अन्न नव्हते. बाळंतीण आणि बाळ यांच्या आयुष्याची किंमत त्या घराने अशी मोजली होती. पुढे दोनच वर्षांनी, २८ जुलै १९२८ रोजी, मुंबई कायदेमंडळात गिरणी-कारखान्यांतील स्त्रियांच्या प्रसूती लाभाचे विधेयक चर्चेला आले. उद्योगावर बोजा पडेल अशी ओरड सुरू होती. बाबासाहेब उभे राहिले आणि विधेयकाच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. लोकांच्या कल्याणाची जबाबदारी सरकारची असल्याने मोठा भार सरकारने उचलावा. पण स्त्रीच्या श्रमातून मालक नफा काढतो, म्हणून त्यालाही हात झटकता येणार नाहीत. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. देशातला तो पहिला प्रसूती लाभ कायदा. पुढे व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४३ साली त्यांनी खाणीतल्या बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्याची दुरुस्ती मांडली. कोळशाने माखलेल्या त्या बाया कोण होत्या, हे वाचकांना सांगायला नको.

आता घरबसल्या कामाकडे येऊ. २०२० साली कोरोना आला, साहेब लोक घरून संगणकावर काम करू लागले आणि जणू जगात पहिल्यांदाच घरून काम होत आहे असा गाजावाजा झाला. आमच्या आया-आज्यांनी दुसरे काय केले? कामठीच्या आमच्या घरात आजी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायची. तेंदूची पाने भिजवायची, कात्रीने कापायची, चिमूटभर तंबाखू भरून दोरा गुंडाळायचा. बाजूला झोळीत लेकरू. हजार विड्यांमागे मजुरी. संध्याकाळी ठेकेदाराकडे माल नेला की तो मूठ-मूठ विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा. त्यांचे पैसे नाहीत आणि विड्याही परत नाहीत. तंबाखूची धूळ आजीच्या छातीत गेली, तशीच झोळीतल्या लेकराच्याही गेली. याला कोणी नोकरी म्हटले नाही. घराला हातभार म्हटले. हातभाराला रजा नसते, हजेरी नसते, म्हातारपणी पेन्शन नसते.

त्याच कामठीच्या बाबू हरदास यांनी विडी मजुरांची संघटना बांधली. 'जयभीम' हा शब्द समाजाला देणारा माणूस विडी वळणाऱ्या बायांच्या मजुरीसाठी लढत होता, हे आपण विसरलो. घरात एकेकटी बसून वळणाऱ्या हातांना मालक कधीच दिसत नाही, दिसतो तो फक्त ठेकेदार. म्हणून संघटना लागते, हे त्यांनी ओळखले होते. पुढे १९६६ च्या विडी-सिगार कामगार कायद्याने घरी विडी वळणाऱ्या बाईलाही कामगार मानले, ते अशाच लढ्यांमुळे.

आज विडीच्या जागी संगणक आला, सुपाच्या जागी मोबाईल आला. ठेकेदार मात्र तोच आहे. आता तो दिसतसुद्धा नाही. म्हणून प्रश्न काम घरी की बाहेर हा नाही. दर कोण ठरवतो, माल नाकारण्याचा अधिकार कोणाकडे आहे, आजारपणाचा खर्च कोण सोसतो, हा प्रश्न आहे. घरून काम करणाऱ्याला इतर कामगारांसारखीच वागणूक मिळावी, यात मातृत्वाचे संरक्षणही आले, असा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा १७७ क्रमांकाचा करार १९९६ सालचा आहे. भारत सरकारने अजून त्याला मान्यता दिलेली नाही. महासत्ता व्हायला निघालेल्या देशाला घरी राबणाऱ्या बाईची नोंदही जड होते!

त्या लेकीला आम्ही जे सांगितले ते सर्व भगिनींसाठी इथे मांडतो.

पहिली गोष्ट कायद्याची. प्रसूती रजा ही मालकाची मेहेरबानी नव्हे. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती होऊन पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या तरतुदी सामाजिक सुरक्षा संहितेत आल्या आहेत. दहा किंवा अधिक माणसे कामाला असलेल्या दुकान-कार्यालयालाही त्या लागू आहेत. प्रसूतीआधीच्या बारा महिन्यांत ८० दिवस काम केलेले असले की हक्क लागू होतो. पगारातून ईएसआयची वर्गणी कापली जात असेल तर लाभ त्या महामंडळाकडून मिळतो; त्याच्या अटी तिथे विचारून घ्याव्यात. रजेवर असताना बाईला कामावरून काढणे बेकायदेशीर आहे. बाळंतपणानंतरचे सहा आठवडे तिला कामाला लावण्यासही बंदी आहे. त्यात घरून 'थोडेसे बघून दे' हेही आले. कामावर परतल्यावर बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत त्याला पाजण्यासाठी दिवसातून दोन वेळा सुट्टी आहे. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघर सक्तीचे आहे.

"पण मी तर ठेक्यावर होते," ती म्हणाली. ही भीती ठेकेदारांनी मुद्दाम पेरली आहे. दिल्ली महापालिकेच्या रोजंदारीवरील बायांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितले की, कायम नसलेल्या बाईलाही प्रसूती लाभ मिळाला पाहिजे. २०२३ साली त्याच न्यायालयाने म्हटले की, कराराची मुदत संपली म्हणून आधीच उभा राहिलेला लाभ बुडवता येत नाही. रस्ते खोदणाऱ्या बाईला जो हक्क मिळाला, तो आमच्या बी.कॉम. लेकीला ठाऊक नसावा?

दुसरी गोष्ट. रजा संपल्यावर घरून काम करू देण्याची तरतूद २०१७ च्या दुरुस्तीत आली आणि नव्या संहितेतही आहे. पण शब्द नीट वाचा. कामाचे स्वरूप तसे असेल तर, आणि मालक व बाई यांच्या परस्पर संमतीने. म्हणजे मालक नाही म्हणू शकतो. तरी मागावे, आणि लेखी मागावे. किती महिने, किती तास, पगार किती, हे कागदावर यावे. तोंडी होकाराला किंमत नसते, हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी कबुलीवर राबलेल्या समाजाला वेगळे सांगायला नको. आणखी एक सावधगिरी. घरून काम ही रजेनंतरची सोय आहे, रजेच्या बदल्यातली नाही. पाळणाघर नको म्हणून घरी बसवणारा मालक बाईवर उपकार करत नाही, स्वतःचा खर्च वाचवतो.

तिसरी गोष्ट फसवणुकीची. काम देणारा कधी आधी पैसे मागत नाही. नोंदणी, प्रशिक्षण, अनामत, कोणत्याही नावाने पैसे मागितले की समजावे, इथे काम नाही, आपणच सावज आहोत. फॉर्म भरणे, पेन्सिली पॅक करणे, चित्रफिती पाहून पसंती देणे, ही सगळी जाळी आहेत. काहीजण टंकलेखन करून घेतात आणि चुका काढून वकिलाच्या नोटिशीची धमकी देत उलट पैसे उकळतात. आपले बँक खाते किंवा एटीएम कार्ड 'कमिशनवर' वापरायला तर मुळीच देऊ नये. चोरीचा पैसा त्यातून फिरतो आणि पोलीस आपल्या दारात येतात. पैसे गेलेच तर लाज न बाळगता लगेच १९३० या क्रमांकावर तक्रार करावी. उशीर होईल तशी पैसे अडवता येण्याची शक्यता कमी होते.

मग खरी कामे नाहीतच का? आहेत, पण त्यांना कौशल्य लागते. टॅलीवर हिशेब ठेवणे, छोट्या दुकानदारांची जीएसटी विवरणपत्रे भरणे, युनिकोड मराठीत टंकलेखन आणि भाषांतर, शालेय मुलांची शिकवणी, ग्राहकांना फोनवर उत्तरे देण्याची सेवा, शिवणकाम. यातले एखादे गरोदरपणातच शिकून ठेवले तर पुढे उपयोगी पडते. पहिले काम बहुधा ओळखीतून मिळते, आणि आमच्या समाजाची खरी अडचण तीच आहे. ज्यांच्या ओळखी कचेऱ्यांत आहेत त्यांच्या सुनांना काम फोनवर मिळते, आमच्या लेकींना जाहिरात मिळते. डबे करून द्यायचे म्हटले तरी आडनाव विचारून डबा नाकारणारे आजही भेटतात. दहा बाय दहाच्या खोलीत सासू, दीर, टीव्ही आणि रडते बाळ यांच्यामध्ये ग्राहकाशी फोनवर बोलायचे कसे, याचे उत्तर कोणत्याही जाहिरातीत नसते.

उत्तर आहे, पण ते एकटीचे नाही. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईच्या गिरगावात सात बायांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. तीच पुढे लिज्जत झाली. तिथल्या बाया लाट्या घरी नेऊन पापड लाटतात, पण त्या कोणाच्या मजूर नाहीत, संस्थेच्या सभासद आहेत. काम घरचेच, पण ठेकेदार मध्ये नाही. आमच्या वस्त्यांत काय कमी आहे? प्रत्येक वस्तीत विहार आहे. बहुतेक विहार रविवारी सकाळी उघडतात आणि उरलेले सहा दिवस कुलूप मिरवतात. तिथे सकाळी अकरा ते दुपारी तीन पाळणाघर चालू द्या. दोन जुने संगणक ठेवा. दहा आयांचा गट करा. दोघी मुले सांभाळतील, आठजणी काम करतील, पाळी बदलत राहील. वस्तीतला वकील आठवड्यातून एक तास करारपत्रे वाचून देईल. निवृत्त अधिकाऱ्यांनी आपल्या ओळखी या गटाच्या कामी लावाव्यात. एका जयंतीच्या डीजेचा खर्च वाचला तरी एवढे उभे राहील.

आणि बांधवांनो, दोन शब्द आपल्यालाही. जुलै १९४२ मध्ये याच नागपुरात अखिल भारतीय दलित वर्ग महिला परिषद भरली होती. समाजाची प्रगती मी स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले आणि पत्नीने नवऱ्याची मैत्रीण व्हावे, गुलाम नव्हे, असेही बजावले. कामकरी बायांच्या रजेचा प्रश्नही त्या परिषदेच्या ठरावांत आला होता. व्यासपीठावर स्त्रीमुक्तीवर बोलून घरी येताच चहाची ऑर्डर सोडणाऱ्या कार्यकर्त्याने स्वतःला त्या मापाने मोजावे. बाळंतीण बायको दोन तास काम करत असेल तर ते दोन तास बाळ कोणाच्या कडेवर असते? आपल्या नसेल, तर घरबसल्या काम म्हणजे तिच्यासाठी दुहेरी वेठबिगारीच.

त्या लेकीने १८५० रुपये भरले नाहीत. आम्ही विहारातच बसून ठेकेदार आणि मूळ कंपनी या दोघांच्या नावे अर्ज लिहिला, हजेरीचे व पगाराचे पुरावे जोडले आणि पोचपावतीसह पाठवला. उत्तर अजून आलेले नाही. न आल्यास कामगार कार्यालयात जाऊ, तिथे न्याय मिळाला नाही तर न्यायालयात जाऊ. निघताना ती म्हणाली, "काका, आमच्या कार्यालयात अशा अजून तिघी होत्या." आम्ही म्हटले, "मग पुढच्या रविवारी एकटी येऊ नकोस."

जयभीम!