फ्रँक–काँडन तत्त्व

फ्रँक–काँडन तत्त्व : द्विआणवीय रेणूंच्या इलेक्ट्रॉनीय वर्णपटातील कंपन पट्टांच्या सापेक्ष तीव्रता ज्यावरून काढता येतात, असे तत्त्व. शुद्ध कंपन संक्रमणात कंपन पुंजांक बहुधा एकानेच बदलतो. इलेक्ट्रॉनीय संक्रमणात असे बंधन नसते. तरीही काही पट्ट ठळक, काही अस्पष्ट आणि काही दिसतही नाहीत. या विषमतेचे कारण जर्मन भौतिकीविज्ञ जेम्स फ्रँक यांनी प्रकाशामुळे होणाऱ्या रेणूंच्या विघटनाचा विचार करताना सुचविले. एडवर्ड काँडन या अमेरिकन भौतिकीविज्ञांनी १९२६ मध्ये त्याचा तीव्रतांच्या प्रश्नासाठी विस्तार केला व १९२८ मध्ये त्यास पुंजयामिकीचा आधार दिला.

आयोडिनाचा रेणू तल अवस्थेत सेकंदास सु. ६·४ लक्ष कोटी कंपने करतो. इलेक्ट्रॉनीय संक्रमण याच्या मानाने जवळजवळ तत्क्षणी घडते व त्या अवधीत अणुकेंद्रांमधील अंतर बदलत नाही. म्हणून स्थितिज ऊर्जा वक्रांच्या आकृतीत संक्रमण उभ्या रेषेने दाखवितात. पुंजयामिकीनुसार दोन्ही अवस्थांच्या कंपन तरंग फलनांच्या गुणाकाराचे अंतरावर समाकलन करून येणाऱ्या संख्येचा वर्ग म्हणजे फ्रँक–काँडन गुणक होय. एका पातळीपासून दुसऱ्या इलेक्ट्रॉनीय अवस्थेच्या सर्व पातळ्यांपर्यंतच्या (अखंड भागासह) गुणकांची बेरीज १ असते. शोषणाची तीव्रता आरंभीच्या पातळीतील रेणूंची संख्या, कंप्रता, इलेक्ट्रॉनीय संक्रमण परिबलाचा वर्ग आणि हा गुणक यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असते. उत्सर्जित ऊर्जेसाठी कंप्रतेचा चतुर्थ घात घ्यावा लागतो.

आयोडिनात समतोल अंतर तल अवस्थेत २·६७ अँगस्ट्रॉम, तर दृश्य शोषणाशी संबंधित उत्तेजित अवस्थेत ३·०३ अँगस्ट्रॉम आहे. या मोठ्या फरकामुळे ०–० पट्ट अत्यंत क्षीण असतो आणि शून्य पातळीवरून होणारे शोषण वरच्या अवस्थेतील ३० च्या आसपासच्या पुंजांकांपाशी सर्वाधिक होते. हिरवा प्रकाश शोषला जाऊन बाष्प जांभळे दिसते ते यामुळेच. याउलट सायनोजेन मूलकाच्या (सीएन) जांभळ्या पट्टसंहतीत ही अंतरे १·१७ व १·१५ अँगस्ट्रॉम, म्हणजे जवळजवळ सारखी आहेत. त्यामुळे ०–० पट्टाचा गुणक सु. ०·९ भरतो. धूमकेतूंच्या वर्णपटात ३८८ नॅनोमीटरजवळ ठळकपणे दिसणारा पट्ट तो हाच.

दोन्ही वक्र सारख्याच कंप्रतेच्या सरल हरात्मक आंदोलकांचे मानल्यास शून्य पातळीपासूनचे गुणक प्वासाँ वितरणाप्रमाणे येतात. अभ्यासाच्या आरंभी ही रीत सोयीची आहे. आयोडिनाच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते, कारण तेथे वरच्या अवस्थेची कंप्रता तल अवस्थेच्या सु. ०·६ पट असून वक्रही असममित आहे. मोर्स यांचे १९२९ चे सूत्र त्याहून बरे. परंतु अचूक कामासाठी मोजलेल्या पातळ्यांवरून रिडबर्ग–क्लाइन–रीझ पद्धतीने वक्र उभारतात व तरंग समीकरण संगणकावर सोडवितात.

संक्रमण परिबल अंतरानुसार बदलत नाही, हे गृहीत मात्र नेहमी खरे नसते. पी. ए. फ्रेझर यांनी १९५४ मध्ये मोजलेल्या तीव्रतांवरूनच हा बदल काढण्याची रीत दिली. ज्वाला, विद्युत् विसर्जन किंवा तारा यांचे कंपन तापमान पट्टांच्या तीव्रतांवरून ठरविताना प्रत्येक तीव्रतेला आधी गुणकाने भागून घ्यावे लागते. तसे न केल्यास पट्ट केवळ गुणक मोठा असल्याने ठळक असला, तरी त्या पातळीत रेणू पुष्कळ आहेत असे भासते व तापमान चुकते.