‘टिकेल तो लायक’ : अपोकॅलिप्स नावाच्या खलनायकाचं तत्त्वज्ञान

तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात कॉमिक्समधला खलनायक कशाला, असं इथल्या ज्येष्ठांना वाटत असेल. आणि ज्या तरुणांनी ती कॉमिक्स वाचली आहेत त्यांना वाटत असेल, या म्हाताऱ्याला त्यातलं काय कळणार! दोघांनीही थोडा धीर धरावा. हा खलनायक जे बोलतो ते आपण सगळेच अधूनमधून बोलत असतो. तो फक्त मोठ्या आवाजात बोलतो, एवढाच फरक.

आधी ओळख करून देतो. अमेरिकेतल्या मार्व्हल कंपनीच्या ‘एक्स-मेन’ कथांमध्ये म्यूटंट नावाची माणसं आहेत. जन्मतःच त्यांच्या जनुकांत काही वेगळं असतं, त्यामुळे कोणाला उडता येतं, कोणाला दुसऱ्याच्या मनातलं ऐकू येतं. या म्यूटंटांमधला एक अतिप्राचीन खलनायक म्हणजे अपोकॅलिप्स. 1986 साली ‘एक्स-फॅक्टर’च्या पाचव्या अंकात तो सावलीसारखा दिसला आणि सहाव्या अंकात पुरता समोर आला. लेखिका लुईस सायमनसन, चित्रकार जॅक्सन गाइस. त्याचं मूळ नाव एन सबाह नूर, जन्म सुमारे 5000 वर्षांपूर्वीच्या इजिप्तमधला. लहानपणापासूनची सविस्तर हकिगत मात्र दहा वर्षांनी, 1996 मध्ये आली. म्हणजे पात्र आधी आलं, चरित्र मागाहून लिहिलं गेलं. हे लक्षात ठेवा.

आता त्याची शक्ती नेमकी कोणती? इथेच घोळ आहे. सुरुवातीला तो स्वतःच्या शरीराचा कण न् कण हवा तसा बदलू शकतो : उंच होतो, हाताचं शस्त्र करतो. पुढे कधी तो उडतो, कधी ऊर्जा शोषून घेतो, कधी यंत्रांशी एकरूप होतो. मग कळतं, की यातलं बरंच बळ त्याचं स्वतःचं नाहीच, ‘सेलेस्टियल’ नावाच्या परग्रहावरच्या महाकाय देवतासदृश जीवांच्या यंत्रांतून ते आलं आहे. तो अमर आहे म्हणावं, तर वर्षानुवर्षं एका पेटीत झोपून त्याला ताकद भरून घ्यावी लागते. 1999-2000 च्या सुमाराच्या कथेत तर त्याचं शरीर पुरेनासं होतं आणि त्याला दुसऱ्याचं शरीर हवं असतं. 2016 च्या चित्रपटात हीच त्याची मूळ विद्या होऊन बसते : तो एका शरीरातून दुसऱ्यात जातो आणि प्रत्येक शरीराची शक्ती गोळा करत राहतो.

याचं साधं कारण असं, की एक पात्र चाळीस वर्षं चालतं, लेखक बदलतात, आणि नायकांची ताकद वाढली की प्रत्येकाला आधीपेक्षा मोठं संकट उभं करावं लागतं. आपल्याकडच्या पुराणाशी तुलना करून बघा. हिरण्यकशिपूचा वर किती काटेकोर आहे! घरात नाही की बाहेर नाही, दिवसा नाही की रात्री नाही, माणसाकडून नाही की पशूकडून नाही. मर्यादा स्पष्ट आहे, म्हणून उंबरठा, संध्याकाळ आणि नरसिंह हे उत्तर चपखल बसतं. भस्मासुराचंही तसंच : हात ठेवला की भस्म, मग तो हात त्याच्याच डोक्यावर ठेववायचा. अपोकॅलिप्सच्या बळाला अशी रेघ नाही. कथेला लागेल ती त्याची शक्ती.

पण मंडळी, त्याच्या तत्त्वज्ञानाचीही हीच गत आहे, आणि आज मला सांगायचंय ते हेच.

त्याचं तत्त्वज्ञान एका ओळीचं : जो समर्थ तो जगेल, दुबळ्याने मरावं, आणि ही निवड लवकर व्हावी म्हणून मी युद्ध लावतो. आपल्याकडे याला ‘बळी तो कान पिळी’ म्हणतात. फरक असा, की आपली म्हण अनुभव सांगते, तो न्याय आहे असं म्हणत नाही. अपोकॅलिप्स त्याला निसर्गाचा कायदा म्हणतो आणि डार्विनच्या ओट्यावर उभा राहून म्हणतो.

डार्विनचा ‘ऑरिजिन’ 1859 चा. त्यात ‘सर्वांत लायक तो टिकतो’ हे शब्द नव्हते. ते हर्बर्ट स्पेन्सरने 1864 मध्ये वापरले, आणि डार्विनने ते 1869 च्या पाचव्या आवृत्तीत घेतले. तिथे ‘लायक’ म्हणजे बलवान नव्हे. लायक म्हणजे त्या ठिकाणी, त्या परिस्थितीत जगून पिल्लं मागे ठेवू शकणारा.

इथून पनवेलची खाडी काही लांब नाही. ओहोटीला खाजणात चिखलावर निवट्या उड्या मारताना तुमच्यापैकी अनेकांनी बघितल्या असतील, काहींनी खाल्ल्याही असतील. बोटाएवढा मासा. ओली कातडी आणि कल्ल्यांत धरून ठेवलेलं पाणी यांच्या जोरावर तो पाण्याबाहेर श्वास घेतो. आता त्या चिखलावर एक भलीमोठी सुरमई आणून ठेवा. समुद्रात ती शिकारी आहे, इथे थोड्याच वेळात मरेल. मग दोघांत लायक कोण? प्रश्नच अर्धवट आहे. कुठे लायक, कधी लायक, हे जोडल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. शेजारचं तिवर बघा : मीठ पानांवाटे बाहेर टाकतं, मुळं चिखलातून वर काढून श्वास घेतं. तेच तिवर सह्याद्रीच्या माथ्यावर लावलं तर? उत्क्रांतीच्या शास्त्रात ‘सर्वत्र आणि सर्वकाळ समर्थ’ असा प्राणीच नाही. अपोकॅलिप्सला मात्र तसाच प्राणी व्हायचंय, आणि लेखक दर दशकाला त्याला नवी शक्ती देऊन तसा करत राहतात.

आता दोन्ही धागे जोडू. त्याला विचारा, लायक कोण? तो म्हणेल, जो टिकला तो. टिकला कोण? जो लायक होता तो. हे वर्तुळ झालं. शास्त्रज्ञ या वर्तुळातून बाहेर पडतो, कारण तो आधीच सांगतो : या चिखलात ओल्या कातडीचा मासा टिकेल, चला, तपासू. तो चुकू शकतो, म्हणून त्याच्या बोलण्यात काही ऐवज आहे. अपोकॅलिप्स कधीच चुकत नाही. समोरचा मेला तर दुबळा होता, जगला तर ‘बघा, मी त्याला घडवलं’. ज्याच्या शक्तीला मर्यादा नाही आणि ज्याच्या सिद्धान्ताला अपवाद नाही, तो खलनायक म्हणून भीतीदायक वाटतो. विचार म्हणून पोकळ असतो.

आणि तो स्वतः तरी हा कायदा पाळतो का? एंजल नावाचा एक नायक आहे, पाठीला पंख असलेला. 1987 च्या कथेत जखमी झाल्यावर त्याचे पंख कापावे लागतात. अपोकॅलिप्सच्या हिशेबाने हा आता अपात्र, त्याला मरू द्यावं. पण अपोकॅलिप्स त्याला उचलतो, धातूचे पंख बसवतो आणि आपल्या चार घोडेस्वारांत ‘मृत्यू’ म्हणून नेमतो. म्हणजे दुबळ्याला बाहेरून मदत दिली की तो समर्थ होतो, हे या गृहस्थाला पक्कं ठाऊक आहे! स्वतः तोही परक्यांच्या यंत्रांवरच उभा आहे. या सभागृहात चष्मा, श्रवणयंत्र, हृदयातला स्टेंट असलेली मंडळी आहेत. आपण सगळे धातूचे पंख लावूनच बसलो आहोत. मग निसर्गाचा कायदा कुठे राहिला? उरतं ते एवढंच, की मदत कोणाला द्यायची हे मी ठरवणार. ही निसर्गाची निवड नव्हे, ही मालकाची निवड. आणि तो एंजल शेवटी मालकावर उलटला. का? मित्राला आपण मारलं या समजुतीने तो हादरला म्हणून. बळाच्या हिशेबात मैत्रीचा रकाना नव्हता.

तुम्ही म्हणाल, कॉमिक्स आहे हो, सोडून द्या. सोडून देता येत नाही. हाच विचार विसाव्या शतकात प्रयोगशाळेत आणि कायद्यात शिरला, आणि त्या प्रयोगशाळेत एक मराठी बाई होती.

इरावती कर्वे. ‘युगान्त’मुळे आपण त्यांना ओळखतो. 1920 च्या दशकाच्या शेवटी त्या बर्लिनला गेल्या. 1927 मध्ये स्थापन झालेल्या कैसर विल्हेल्म संस्थेत, म्हणजे मानववंश, आनुवंशिकता आणि ‘सुप्रजा’ यांचा अभ्यास करणाऱ्या संस्थेत, ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली त्यांनी पीएच.डी. केली. विषय होता मानवी कवटीची असमानता, म्हणजे डावी आणि उजवी बाजू यांतला फरक. फिशर यांची अपेक्षा अशी, की या फरकाचा वंशाशी आणि त्यातून युरोपियनांच्या श्रेष्ठ बुद्धीशी संबंध निघेल. इरावतीबाईंनी वेगवेगळ्या वंशांच्या कवट्या मोजल्या. असमानता सगळीकडे सापडली, वंशाशी तिचा संबंध सापडला नाही. पंचविशीतल्या, परक्या देशातल्या विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाला हवं होतं ते न लिहिता जे मोजलं ते लिहिलं. पुढे त्यांनी महाराष्ट्रातही माणसांची मापं घेतली. मोजण्यात दोष नाही, उत्तर आधी ठरवून मोजण्यात आहे.

जर्मनीत पुढे काय झालं? 1933 साली कायदा झाला आणि ‘आनुवंशिकदृष्ट्या अपात्र’ ठरवलेल्या सुमारे 4 लाख माणसांची सक्तीने नसबंदी झाली. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे प्रमुख झाले. अपात्र कोण, याची व्याख्या सत्तेला लागेल तशी रुंद होत गेली. आपल्या खलनायकाच्या शक्तीसारखीच.

मग दोष उत्क्रांतीच्या सिद्धान्ताचा का? नाही. आपले आगरकर घ्या. तेही स्पेन्सर वाचून घडले. पण त्यांनी उचललं काय? समाज बदलत जातो, तेव्हा रूढी काही आकाशातून पडलेल्या नाहीत, त्याही बदलता येतील. या बळावर 1888 पासून ‘सुधारक’ चालवला, आणि 1891 च्या संमतिवयाच्या कायद्याची बाजू घेतली, म्हणजे घरातल्या सर्वांत दुबळ्या माणसाची, लहानग्या मुलीची. एकच ग्रंथकार वाचून एक माणूस दुबळ्याला चिरडायला निघतो, दुसरा त्याला वाचवायला. याचा अर्थ, कसं वागावं हे त्या ग्रंथातून आपोआप निघत नाही. ‘असं घडतं’ यावरून ‘असं घडावं’ हे सिद्ध होत नाही, हे ह्यूमने अठराव्या शतकातच दाखवलं. डार्विनचा खंदा समर्थक हक्सली यानेही 1893 च्या ऑक्सफर्डच्या व्याख्यानात सांगितलं, की नीतीचं काम निसर्गाच्या झगड्याची नक्कल करणं नाही, त्याच्याशी झुंजणं आहे.

आता वेळ संपत आली आहे, पण एक प्रश्न चिठ्ठीवर आला आहे तो घेतो : “सर, मग स्पर्धा परीक्षा, नोकरी, धंदा, सगळीकडे टिकेल तोच पुढे जातो ना?”

जातो. मी नाकारत नाही. पण पुढे गेला तो ‘त्या परीक्षेला’ लायक ठरला, एवढंच म्हणा. नापास झालेल्या मुलाला ‘तू लायक नाहीस’ असं म्हणू नका, कारण मग त्या वाक्याला ठिकाण राहत नाही, काळ राहत नाही. सुरमईला चिखलावर टाकून तुम्ही तिची परीक्षा घेतलीत. आणि घरात कोणी अंथरुणाला खिळलं की ‘आता वय झालं, निसर्गनियमच आहे’ असं पटकन बोलतो, तेव्हाही जरा थांबा. मरण हा निसर्गनियम आहेच. औषध बंद करायचं का, हा मात्र तुमचा निर्णय आहे, त्याची सही निसर्गाकडून घेऊ नका.

शेवटी तरुण वाचकांना माहीत असलेली एक गोष्ट ज्येष्ठांना सांगतो. 2020 च्या सुमाराच्या कथांमध्ये लेखकांनी अपोकॅलिप्सला एक हरवलेलं कुटुंब दिलं. हजारो वर्षांपूर्वी दुरावलेली बायको आणि मुलं. ‘दुबळ्याने मरावं’ म्हणणारा हा माणूस इतका काळ त्यांची वाट बघत होता. चाळीस वर्षांत त्याला दिलेल्या सगळ्या शक्तींमध्ये मला खरी वाटलेली ही एकच.