थापी हातात असताना

आपल्या महाविद्यालयात पंचाहत्तर टक्के हजेरी भरली की परीक्षेला बसता येते. बांधकामावर मात्र एक खाडा झाला की त्या दिवसाचा रोज बुडतो, आणि दोन-तीन खाडे झाले की गुत्तेदार दुसरा माणूस बघतो. या दोन हजेरीपटांवर एकाच माणसाचे नाव एकाच वेळी चालेल काय, असा प्रश्न गेल्या दिवाळीत आमच्या घरी निघाला. माझा थोरला भाऊ गवंडी आहे. बारावी झाल्यावर त्याने थापी हाती धरली. मी प्रथम वर्षाला प्रवेश घेतला तेव्हा फीचे पैसे त्याच्या हजेरीतून गेले होते. त्याला आता पुढे शिकायचे आहे. म्हणून कामाला जाणाऱ्या माणसाला पदवीपर्यंत जाण्याच्या कोणत्या वाटा आहेत, याची मी चौकशी केली. तिचा उपयोग वाचकांपैकी आणखी कुणाला होईल, या समजुतीने हा लेख लिहीत आहे. पिंपळगाव रेणुकाई मिरचीच्या बाजारासाठी ओळखले जाते. परंतु हंगाम सरला की आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरची किती तरी पोरे सेंटरिंगला आणि गिलाव्याला जातात, हे वर्गातल्या पुष्कळांना ठाऊकच आहे.

प्रथम थोडा इतिहास. महात्मा जोतीराव फुले यांना आपण शाळा काढणारे म्हणून ओळखतो. ते बांधकामाचे गुत्तेदारही होते, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. 'पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनी' ही त्यांची संस्था. कात्रजच्या बोगद्याचे आणि येरवड्याच्या पुलाचे काम त्यांनी केले. चुना, खडी, मजूर आणि मुकादम हे सर्व त्यांच्या रोजच्या व्यवहारातले होते. त्याच जोतीरावांनी आणि सावित्रीबाईंनी १८५५ साली दिवसभर राबणाऱ्या शेतकरी-मजुरांसाठी रात्रीची शाळा चालविली. मजुराला शिकवायचे तर वेळ त्याच्या सोयीची हवी, ही गोष्ट त्यांना तेव्हाच उमगली होती. तिकडे विलायतेत १८२३ साली जॉर्ज बर्कबेक यांच्या पुढाकाराने कारागिरांसाठी लंडन मेकॅनिक्स इन्स्टिट्यूशन निघाली. आज ती लंडन विद्यापीठाचा भाग असून तिथे अजूनही संध्याकाळी पदवीचे वर्ग भरतात. आपल्याकडे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले. तेथील वर्ग सकाळी भरत, ते नोकरी करून शिकणाऱ्यांना यावयास मिळावे म्हणूनच. परंतु सकाळचे किंवा रात्रीचे महाविद्यालय शहरातच चालते. आमच्याकडे सकाळी सातची गाडी चुकली तर कामच चुकते, तिथे वर्गाची गोष्ट कशाला!

खेड्यातल्या कामकऱ्यासाठी खरी वाट उघडली ती १९८९ च्या जुलैत, नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा. डॉ. राम ताकवले हे त्याचे पहिले कुलगुरू आणि 'ज्ञानगंगा घरोघरी' हे त्याचे ब्रीद. विद्यार्थ्याने विद्यापीठात येण्याऐवजी पुस्तकानेच त्याच्या घरी जावे, ही त्यामागची कल्पना. ही पुस्तके शिक्षक समोर नाही असे धरून लिहिलेली असतात. ठिकठिकाणच्या महाविद्यालयांत अभ्यासकेंद्रे असून तेथे सुट्टीच्या दिवशी संपर्कसत्रे होतात. ज्यांची शाळा अर्ध्यावर सुटली होती अशा प्रौढांसाठी या विद्यापीठाने पूर्वतयारीचा शिक्षणक्रमही काढला होता आणि त्यातून पुष्कळ लोक बी.ए.ला गेले. दहावी किंवा बारावीच राहिली असेल तर मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून बसण्याची सोय आहे. आमच्या आळीतल्या दोघांनी तसे केले. मुक्त विद्यापीठाची पदवी कमी दर्जाची, असे काही जण अजून बोलतात. तो गैरसमज आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेली दूरशिक्षणाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते आणि ती घेऊन स्पर्धा परीक्षेला बसता येते.

एवढे सगळे मी भावाला उत्साहाने सांगितले. त्याने शांतपणे ऐकले आणि विचारले, "सत्रं रविवारी, बरोबर? आमची सुट्टी कधी असती?" मी गप्प झालो. बांधकामाला सुट्टी असते ती आठवडी बाजाराला आणि अमावस्येला. रविवार तिथे इतर दिवसांसारखाच असतो. शिवाय उन्हाळी परीक्षा येते तीच वेळ मृगाच्या आत स्लॅब उरकण्याची. स्लॅबच्या दिवशी मिस्त्री नाही, असे होऊच शकत नाही. पाऊस लागल्यावर हात रिकामे असतात, तेव्हा परीक्षा नसते. दूरशिक्षणाने अंतराचा प्रश्न बराचसा सोडविला, पण पंचांगाचा सोडविलेला नाही. परीक्षेचे एक सत्र ऐन पावसाळ्यात ठेवले तर माझ्या मते बांधकामावरची कितीतरी माणसे परीक्षेला बसतील.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. बी.ए. करून गवंड्याला त्याच्या कामात काय मिळेल? भावाचे म्हणणे असे, "मोजमाप मी सांगतो, सही तो पोरगा करतो." तो पोरगा म्हणजे पदविका झालेला सुपरवायझर. त्याचे यात काही चुकते असे नव्हे. परंतु भावाला जे येते त्याची नोंद कुठेच नाही. पाया आखताना तो दोरीवर तीन, चार आणि पाच फुटांच्या खुणा करून काटकोन काढतो. हाच पायथागोरसचा सिद्धान्त मी नववीत पाठ केला होता, आणि घराच्या पायात तो पहिल्यांदा पाहिला. बारा मिलिमीटरचा गज मीटरला किती भरेल, हे तो बाराचा वर्ग करून एकशेबासष्टने भागून सांगतो : सुमारे ८९० ग्रॅम. गजांसाठी साऱ्या राज्यात नाव असलेल्या जालन्याच्या कुठल्याही दुकानात हे गणित ताडून पाहावे.

असे अंगी असलेले कौशल्य तपासून प्रमाणपत्र देण्याची केंद्र सरकारची योजना २०१५ पासून आहे. बांधकाम कामगारांसाठी २०२२ च्या जूनमध्ये 'निपुण' नावाची योजना निघाली, तिच्यातही हाच भाग मोठा आहे. प्रमाणपत्र चांगलेच, पण ते घेऊन पदविकेच्या वर्गात एक वर्ष कमी झाले, असे माझ्या पाहण्यात नाही. पदविका घ्यायची तर दिवसभर हजर राहावे लागते. अभियांत्रिकीत नोकरदारांसाठी सोयीच्या वेळेचे वर्ग आता मंजूर होऊ लागले आहेत. परंतु तेथे नोकरीचा आणि अनुभवाचा लेखी पुरावा लागतो, आणि गवंड्याला नेमणुकीचे पत्र कोण देतो? त्याची नेमणूक नाक्यावर तोंडी होते आणि संध्याकाळी तोंडीच संपते.

राहिला पैशाचा प्रश्न. संसदेने १९९६ साली बांधकाम कामगारांसाठी कायदा केला. बांधकामाच्या खर्चावर शेकडा एक रुपया उपकर घेऊन त्यातून कामगारांचे कल्याण करावे, असे ठरले. त्यासाठी महाराष्ट्रात २०११ साली कल्याणकारी मंडळ झाले. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचा दाखला दिला की नोंदणी होते. भाऊ नोंदणीकृत आहे. त्याच्या कार्डामुळे माझ्या फीला मदत मिळेल, या आशेने मी योजनांची यादी वाचली. पदवीसाठी वर्षाला वीस हजार रुपयांची तरतूद आहे. ती कामगाराच्या दोन पाल्यांसाठी किंवा पुरुष कामगाराच्या पत्नीसाठी आहे. मी त्याचा पाल्य नव्हे, भाऊ. आणि खुद्द तो? त्याचे नाव त्या ओळीत कुठेच नाही. ज्याच्या घामावर हा निधी उभा राहिला, तो स्वतःच शिकायला निघेल असे यादी करणाऱ्याच्या मनात आले नसावे. त्याचा मुलगा शिकेल, बायको शिकेल, तो मात्र विटाच रचत राहील, असे जणू गृहीत धरले आहे. ही तरतूद वाईट आहे असे मी म्हणत नाही. तिच्यामुळे कितीतरी घरांतला पहिला पदवीधर घडत असेल. पण त्या ओळीत 'किंवा स्वतः कामगारास' एवढे तीन शब्द वाढवायला हरकत काय आहे?

यादी मी घरी मोठ्याने वाचली. वहिनी चुलीपाशी होती. तिचीही बारावी झालेली आहे, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. ती म्हणाली, "म्हंजे यात माझं नाव बसतंय." भाऊ हसला, मग एकदम गंभीर झाला. त्या रात्री ठरले ते असे : मुक्त विद्यापीठाचे दोन अर्ज भरायचे. वहिनीने मंडळाकडे मदत मागायची, भावाची फी त्याच्या हजेरीतून जाईल. विषय दोघांनी एकच घ्यायचे, म्हणजे पुस्तकांचा एक संच दोघांना पुरेल आणि रविवारी भावाला कामावरून येता आले नाही तरी सत्र वहिनी ऐकेल व रात्री त्याला सांगेल. स्लॅब आणि परीक्षा एका दिवशी आली तर काय करायचे, याचे उत्तर मात्र अजून सापडलेले नाही. भाऊ म्हणतो, आधी वेळापत्रक तर येऊ दे, मग गुत्तेदाराशी मी बोलतो.