फ्रेमवर्कची आवृत्ती बदलते तेव्हा नेमकं मोडतं काय?

तुम्ही पीएचडीत नेमकं करता काय, असं बरेच जण विचारतात. थोडक्यात सांगायचं तर, सॉफ्टवेअर नवं होताना जुनं काय काय मोडतं आणि त्याचा खर्च कोणाच्या माथी बसतो, हे मी शोधते. आज त्यातला एक भाग, माझ्याच एका फजितीच्या आधाराने.

२०१५ साली, कॉलेजात असताना, मी आमच्या गावच्या वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीची एक छोटी वेबसाइट केली होती. फ्रेमवर्क होतं जँगो १.८, खाली पायथन २.७. फ्रेमवर्क म्हणजे तयार सांगाडा: लॉगिन, डेटाबेस, फॉर्म ही रोजची कामं त्यात आधीच केलेली असतात, आपण फक्त आपल्या कामापुरता कोड लिहायचा. साइट चार वर्षं बिनबोभाट चालली. २०१९ मध्ये सर्व्हरवाल्यांनी कळवलं की पायथन २ आता काढणार. १ जानेवारी २०२० पासून त्याला कोणी वाली राहणार नव्हता. शिवाय जँगो १.८ चे सुरक्षेचे दुरुस्ती-संच २०१८ मध्येच थांबले होते. म्हणजे सभासदांचे पत्ते, फोन नंबर सगळं उघड्यावर.

मी काय केलं? सरळ १.८ वरून २.२ वर उडी मारली. एकही पान उघडेना.

आता मुद्द्यावर येऊ. जुना कोड नव्या आवृत्तीवर जसाच्या तसा चालणं याला बॅकवर्ड कम्पॅटिबिलिटी म्हणतात. आवृत्तीच्या आकड्यांमागे सहसा एक संकेत असतो: पहिला आकडा बदलला तर काहीतरी मोडू शकतं, पुढचे बदलले तर मोडू नये. पण संकेत तो संकेतच. जावाच्या लायब्ररी जिथे ठेवल्या जातात त्या मेव्हनच्या भांडारावर २०१४ मध्ये एक अभ्यास झाला. त्यात सुमारे एक तृतीयांश आवृत्त्यांत जुना कोड मोडणारा किमान एक बदल सापडला, आणि तो फक्त पहिला आकडा बदललेल्या आवृत्त्यांपुरता नव्हता.

मग मोडतातच कशाला? एक उदाहरण बघा. ‘हा माणूस लॉगिन झालाय का?’ हे विचारायला जँगोत इज-ऑथेंटिकेटेड नावाचं फंक्शन होतं. ते वापरताना पुढे कंस द्यावे लागायचे. कंस विसरलात तर पायथन फंक्शनचं उत्तर बघत नाही, फंक्शन आहे एवढंच बघतो, आणि ‘हो’ समजतो. म्हणजे दोन कंस विसरले की कोणीही आत! म्हणून १.१० मध्ये (ऑगस्ट २०१६) कंसाची गरजच काढून टाकली.

पण कंस दिलेला जुना कोड जगभर पसरलेला होता, त्याचं काय? तर १.१० आणि १.११ मध्ये त्यांनी उत्तर म्हणून अशी एक वस्तू दिली, जी कंसाशिवायही चालेल आणि कंस दिले तरी चालेल. कंस दिलेत तर एक इशारा मिळायचा: हे २.० मध्ये बंद होणार. २.० (डिसेंबर २०१७) मध्ये ती वस्तू गेली आणि कंसवाला कोड मोडला. आधी नवी वाट करायची, काही काळ दोन्ही चालू ठेवायच्या, मग जुनी बंद करायची. यालाच डेप्रिकेशन म्हणतात. मी उडी मारली ती नेमकी हा मधला काळ ओलांडून. त्यामुळे इशारे मला कधी दिसलेच नाहीत.

सगळेच एवढी मुदत देत नाहीत. अँग्युलरजेएस वापरणाऱ्यांना २०१६ मध्ये अँग्युलर २ मिळालं, ते जवळजवळ नव्याने लिहिलेलं. दोन्ही शेजारी शेजारी चालवायची सोय दिली होती, पण कोड बराचसा पुन्हा लिहावाच लागला.

२०१६ च्या आणखी एका अभ्यासात तीन समूहांची तुलना आहे. एक्लिप्सचा कल जुनं मोडू न देण्याकडे, भले लायब्ररी लिहिणाऱ्याला जुनं ओझं वाहावं लागो. एनपीएममध्ये लिहिणाऱ्याला मोकळीक, मोडलं तर आवृत्तीच्या आकड्यावरून वापरणाऱ्याने ओळखायचं. आर भाषेच्या क्रॅनवर बदल करणाऱ्याने अवलंबून असलेल्यांशी आधी बोलून घ्यायचं. खर्च तिन्हीकडे आहेच, फक्त भरणारा वेगळा.

परत वाचनालयाकडे. दुसऱ्या वेळी मी शहाण्यासारखं केलं. आधी १.११ वर गेले, कारण ती पायथन २.७ आणि ३ दोन्हींवर चालते. पायथनला लपवलेले इशारे दाखवायला सांगितले आणि एकेक मिटवत गेले. त्यात एक होता ऑन-डिलीटचा: एक नोंद पुसली तर तिच्यावर टेकलेल्या नोंदींचं काय करायचं ते स्पष्ट लिहा, २.० मध्ये हे सक्तीचं आहे. पूर्वी न लिहिलं तर जँगो गुपचूप त्या नोंदीही पुसायचा.

मी थबकले. आमच्याकडे सभासदत्व सोडणाऱ्याचं नाव पुसलं जायचं. म्हणजे त्याच्याबरोबर त्याच्या सगळ्या देवघेवीही जात होत्या. न परतवलेलं पुस्तकही मग कपाटात आहे असंच साइट दाखवायची. ग्रंथपाल काका वर्षभर अशी पुस्तकं शोधत होते, आणि संध्याकाळी काउंटरवर बसणाऱ्या मुलावर त्यांचा संशय होता. त्याने ते काम सोडलंही होतं.

मी तिथे ‘प्रोटेक्ट’ लिहिलं. आता देवघेवीची नोंद असलेला सभासद पुसताच येत नाही. मग काकांना फोन केला. ते बराच वेळ गप्प होते. नंतर म्हणाले, “त्याच्या घरी जाऊन येतो.”

तुमचंही काही जुन्या आवृत्तीवर चालत असेल तर एवढं करा. बॅकअप घ्या. महत्त्वाच्या कामांच्या चाचण्या लिहा. एका वेळी एकच पायरी चढा, आणि प्रत्येक पायरीवर इशारे मिटवूनच पुढे जा. आणि इशाऱ्यात ‘सध्याचंच वागणं हवं असेल तर अमुक लिहा’ असं असेल, तर ते लगेच चिकटवू नका. सध्याचं वागणं खरंच हवं आहे का, हे आधी बघा. माझ्या इशाऱ्यातही तसंच लिहिलेलं होतं.