चातुर्मासाचे ताट आणि वेदगंगेची मासळी

आषाढी एकादशीला देव निद्राधीन होतात आणि कार्तिकी एकादशीला जागे होतात, ही श्रद्धा मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या चार मासांत काय वर्ज्य करावे, याची रीत मात्र घरोघरी निराळी. कुणी केवळ श्रावण पाळतात, कुणी गौरी-गणपतींचे विसर्जन होईतो सामिष शिजवीत नाहीत, तर कुणी चारही महिने कांदा, लसूण आणि वांगी यांना उंबऱ्याबाहेर ठेवतात. माळकऱ्यांच्या घरी हा प्रश्न बाराही महिने उद्भवत नाही. परंतु ज्या घरांत एरवी मासळी आवडीने खाल्ली जाते, तेथील सुगृहिणीपुढे या दिवसांत रोज सकाळी एकच प्रश्न उभा राहतो: आज कोणती भाजी करावी, म्हणजे ताटावर बसलेले कुणी नाक मुरडणार नाही? हा प्रश्न क्षुल्लक समजू नये. व्रत सर्वांचे असले, तरी ते संतोषाने पार पडेल की कुरकुरीने, हे पुष्कळदा चुलीपाशीच ठरते.

या प्रश्नाचा विचार करण्यास गारगोटीसारखे दुसरे गाव शोधावे लागणार नाही. भुदरगड तालुक्यातील हे गाव कोल्हापूरच्या दक्षिणेस सुमारे ५० किलोमीटरवर, वेदगंगेच्या काठी वसले आहे. ही नदी ज्या डोंगराळ मुलखातून खाली येते, त्यातच मौनी महाराजांचे पाटगाव आहे. गारगोटीच्या मौनी विद्यापीठानेही त्यांचेच नाव धारण केले आहे. पश्चिमेस सह्याद्रीची रांग आणि ती ओलांडली की तळकोकण. त्यामुळे या भागातील स्वयंपाकघरांत दोन रुचींचा संगम झालेला दिसतो. एकीकडे देशावरची भाकरी आणि कोल्हापुरी कांदा-लसूण चटणी, तर दुसरीकडे घाटाखालून आलेले नारळ, कोकम आणि तिरफळ. कोकणातील लेक घाटावर सून म्हणून आली की तिच्या माहेरचे वाटणही तिच्याबरोबर येते, आणि सासरच्या परसातील भाज्यांशी त्याची गाठ पडते. नव्या पाककृती जन्मतात त्या अशाच.

चढणीचे मासे

मृगाचा पाऊस कोसळला, ओढे-नाले खळाळू लागले, की नदीतील मासे प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढू लागतात. हेच ते चढणीचे मासे. त्यांची वाट पाहत माणसे रात्री विजेऱ्या आणि जाळी घेऊन ओढ्यांवर जमतात. या माशांची चव और असते, आणि पोटातील गाभोळी तर अनेकांच्या विशेष आवडीची. परंतु हे मासे वर चढतात ते कशासाठी? नव्या, उथळ पाण्यात अंडी घालण्यासाठी. एकेका मादीच्या पोटात हजारो अंडी असतात. तिला ऐन चढणीतच पकडले, म्हणजे पुढील वर्षाचे मासे यंदाच्याच कालवणात संपले. नदीतील मासळी पूर्वीसारखी राहिली नाही, अशी खंत काठावरची वडीलधारी माणसे व्यक्त करतात. त्याला धरणे, दूषित पाणी अशी इतरही कारणे आहेत. पण चढणीवरील हावरी मासेमारी हेही त्यांपैकी एक आहे, हे नाकारता येणार नाही.

समुद्राची कथाही फारशी निराळी नाही. पावसाळ्यात दर्या खवळलेला असतो आणि अनेक जातींच्या मासळीचा तो विणीचा काळ असतो. नारळी पौर्णिमेला सागराला श्रीफळ अर्पण करूनच होड्या पाण्यात लोटण्याची कोळी बांधवांची प्रथा जुनी आहे. शासनाने सागरी मासेमारी नियमनाचा कायदा केला तो १९८१ साली. यांत्रिक नौकांना पावसाळ्यात बंदी असते आणि अनेक वर्षे ती १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवसांची राहिली आहे.

आपल्या पूर्वजांनी माशांच्या विणीचा हिशेब करूनच चातुर्मासाचा नियम घातला, असा दावा आम्ही करणार नाही. व्रताची कारणे श्रद्धेची आहेत आणि ती तशीच राहावीत. परंतु मनुष्य देवासाठी जिभेला आवर घालतो, तेव्हा त्या संयमाची सावली पाण्यातील जिवांवरही पडते, एवढे मात्र निश्चित. म्हणून ज्या घरी केवळ श्रावण पाळतात, त्यांनी निदान चढणीच्या दिवसांत गाभोळीचा मासा घेऊ नये, अशी आमची नम्र सूचना आहे.

वाटण तेच, भाजी नवी

मासळीच्या जेवणात आपल्याला नेमके काय आवडते, याचा शोध सुगृहिणीने एकदा घ्यावा. कोकमाचा आंबटपणा, ओल्या नारळाचा दाटपणा, तिरफळाचा जिभेला किंचित बधिर करणारा सुगंध आणि तव्यावरच्या तुकडीचे कुरकुरीत आवरण, यांतच अर्धी गोडी असते. यांपैकी एकही पदार्थ व्रताला वर्ज्य नाही, आणि यांत कांदा-लसणाचीही आवश्यकता नाही.

सुरणाचे काप हे याचे सोपे उदाहरण. हातांना तेल लावून सुरणाची साल जाडसर काढावी आणि पाव इंच जाडीचे काप करावेत. ते चिंच किंवा कोकम व मीठ घातलेल्या पाण्यात बोटचेपे शिजवावेत. येथे घाई नको; कच्चा राहिलेला सुरण घसा खाजवतो. पाणी निथळल्यावर कापांना हळद, तिखट, मीठ आणि कोकमाचे आगळ चोळून अर्धा तास ठेवावे. दोन भाग तांदळाचे पीठ आणि एक भाग रवा यांत घोळवून, तव्यावर थोड्या तेलात मध्यम आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस परतावे. नीरफणस मिळाल्यास त्याचेही काप असेच होतात, आणि ते आधी शिजवावे लागत नाहीत.

दुसरा पदार्थ उडदामेथीचा. गोव्यात आणि दक्षिण कोकणात उडदामेथी बांगड्याची करतात, तशीच आंबाड्यांचीही करतात. म्हणजे सामिष आणि निरामिष या दोन्ही पंक्तींना चालणारे हे वाटण आहे. एक चमचा उडदाची डाळ, मेथीचे आठ-दहा दाणे, एक चमचा धणे आणि पाच-सहा सुक्या मिरच्या थोड्या तेलावर परताव्यात. मेथी करपली की सारे कडू होते, म्हणून ती शेवटी घालावी. वाटीभर ओल्या नारळाबरोबर हे बारीक वाटावे. मोहरी, हिंग आणि कढीपत्ता यांची फोडणी करून त्यात शिजवलेले आंबाडे, वाटण, मीठ आणि गूळ घालून एक उकळी आणावी. आंबाडे न मिळाल्यास अननसाच्या फोडी घालाव्यात. सोबत आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचा भात असला, तर दुसऱ्या कालवणाची आठवण होणार नाही.

आणि ज्या घरी पडवळ, दोडका, भोपळा म्हटले की मुले पळ काढतात, तेथे खतखते करून पाहावे. या सर्व भाज्या, मक्याच्या कणसाचे तुकडे आणि सुरण तुरीच्या डाळीबरोबर शिजवून त्यात नारळाचे वाटण, कोकम आणि गूळ घालतात. शेवटी पाच-सहा तिरफळे किंचित ठेचून घालावीत. ती स्वादासाठी असतात, चावून खाण्यासाठी नव्हेत, हे मुलांना आधीच सांगावे.

हे व्रत की फसवणूक?

येथे एखाद्या श्रद्धाळू भगिनीच्या मनात शंका येईल: भाजी खायची आणि चव मासळीची आठवायची, हे व्रत कसले? शंका रास्त आहे. सुरणाला सुरमई म्हणून वाढणे आम्हांसही रुचत नाही. सुरणाचे काप हे सुरणाचेच काप. त्यांना उसने नाव कशाला? वाटण इतकेच असावे की त्याखाली भाजीची मूळ चव उमटत राहील. व्रत ज्याचे घेतले, ते पाळले जात असेल, तर नारळ आणि कोकम यांनी ते मोडत नाही.

मात्र एक मर्यादा पाळावी. प्रयोग घरच्या ताटात करावेत, नैवेद्याच्या पानात नव्हे. ऋषिपंचमीच्या भाजीत बैलाच्या श्रमाचे काही घालू नये हा दंडक आहे, आणि तिची साधी, वाटणाविना शिजलेली चव हेच तिचे पावित्र्य आहे. गौरी घरी येते त्या दिवशी कोल्हापूरकडे अनेक घरांत तिला भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतात. माहेरवाशिणीला आल्याआल्या पक्वान्नापेक्षा रोजचे घरचे जेवण प्रिय वाटावे, ही केवढी हृद्य कल्पना! तीत भर घालण्याची गरज नाही. घराण्याची रीत सासूबाईंना किंवा आत्याबाईंना विचारून घ्यावी, आणि मग उरलेल्या दिवसांत खुशाल नवे करून पाहावे.

व्रत सुटल्यावर

चातुर्मासात हाताला लागलेले हे वळण पुढेही उपयोगी पडते. खंडोबा ज्यांचे कुलदैवत, त्यांच्या घरी मार्गशीर्ष शुद्ध षष्ठीला, म्हणजे चंपाषष्ठीला, भरीत-भाकरीचा नैवेद्य होतो आणि वांगी पुन्हा स्वयंपाकघरात येतात. त्यानंतर एखाद्या दिवशी वांगी-सुकट करावी. सुकट निवडून, कोरडी भाजून, दोनदा धुऊन घ्यावी. ती मुळातच खारट असते, म्हणून मीठ चाखूनच घालावे. मूठभर सुकटीने साऱ्या घराची भाजी रुचकर होते. शेवग्याच्या शेंगांत कोळंबी, दोडक्यात जवळा, अंबाडीत सुकट, या जोड्याही अशाच. नदीतल्या किंवा धरणातल्या माशाला मातकट वास असेल, तर तुकड्यांना मीठ, हळद आणि चिंचेचा कोळ चोळून थोडा वेळ ठेवावे आणि मग धुवावे. आंबटामुळे तो वास कमी होतो. भाजीच्या सोबतीने थोडी मासळी पुष्कळांना पुरते, खर्च आटोक्यात राहतो, आणि वेदगंगेवरचा भारही तेवढाच हलका होतो.

सण येतात आणि जातात. मागे राहते ते घराचे वळण. जी अन्नपूर्णा संयमाच्या दिवसांतही ताट नीरस होऊ देत नाही, आणि मोकळीक मिळाल्यावरही हात आखडता घेते, तिच्या घरी व्रताचे फळ व्रत संपल्यावरही नांदते. आमच्या सर्व वाचक भगिनींचा चातुर्मास आरोग्याचा आणि समाधानाचा जावो, हीच श्रीचरणी प्रार्थना.